विलायतेच्या खासदाराचा शब्द

ब्रिटनच्या निवडणुकीचा गुलाल आमच्या गल्लीत उधळला गेला, असं सांगितलं तर लोक हसतात. मीही हसले असते. पण तो गुलाल आमच्याच उंबऱ्यावर पडला होता आणि उधळणारे आमचे हे होते. साखर कारखान्याच्या गेल्या निवडणुकीत उरलेली अर्धी पिशवी यांनी माळ्यावर जपून ठेवली होती, ती त्या सकाळी खाली आली. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "आवं सुभेदार, कोण आलं निवडून?" तर हे छाती काढून म्हणाले, "आमच्या लेकीचा खासदार."

हे फौजेतून सुभेदार होऊन परत आले तेव्हापासून सोसायटीची निवडणूक असो, ग्रामपंचायतीची असो की कारखान्याची, हे सकाळपासून बूथवर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे मतदानाची ड्यूटी माझ्याही पाचवीला पुजलेली. निवडणूक आमच्या घरात अशी दोन्ही दारांनी शिरलेली होती. तरी मला तिची नशा कधी चढली नाही. माझा स्वभाव संशयी. कुणी दोन वाक्यं गोड बोललं की मी तिसऱ्या वाक्याची वाट बघते.

आमची मुलगी नर्स. इस्लामपुरात एका खासगी दवाखान्यात तिने बरीच वर्षं काढली. रात्रपाळी, दिवसपाळी, आणि डॉक्टरांच्या बायकोची बोलणी. जावई सांगलीकडे एका फाउंड्रीत, त्यांच्याही पाळ्या, म्हणून नात लहानपणापासून आमच्याकडेच वाढत होती. मग सांगलीतल्या एका एजंटानं मुलीच्या डोक्यात विलायत घातली. तिथं नर्स म्हणून लागायला परीक्षा होती, ती नंतर देता येईल. आधी वृद्धाश्रमात केअरचं काम, म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. पगार इथल्यापेक्षा कितीतरी पट. आणि पुढे नवरा, मूल, सगळं तिकडे नेता येतं.

हे शेवटचं वाक्य खरं होतं, पण कालपर्यंत. कागदपत्रं तयार होईतोवर तिथल्या सरकारनं नवा नियम काढला. केअरचं काम करायला बाहेरून बाई आली तर तिने यावं, पण नवरा आणि मूल मागे ठेवून यावं.

आम्ही सगळे एजंटाच्या ऑफिसात जाऊन बसलो. मुलीचा चेहरा उतरला होता. एजंट मात्र अगदी निवांत होता. त्यानं आम्हाला उसाचा रस मागवला आणि म्हणाला, "मॅडम, तिकडं इलेक्शन तोंडावर हाय. सरकार बदलणार हे शेंबडं पोरगंबी सांगंल. सरकार बदललं की नियम गेला. तवर ताईंनी पुढं जाऊन जागा धरायची."

आज विचार करते तेव्हा वाटतं, आम्हाला ते इतकं पटलं कसं? पण पटलं. कारण आमच्या भागात निवडणूक म्हणजे काय, हे आम्ही जन्मभर बघितलं होतं. निवडणूक आली की थकलेली वीजबिलं माफ होतात, अतिक्रमणं कायम होतात, तोडलेली कनेक्शनं रात्रीत जोडली जातात. आठ वर्षं न झालेला रस्ता आठ दिवसांत होतो. एरवी आवळलेल्या सगळ्या गाठी निवडणुकीत सैल होतात. विलायतेत निवडणूक आली की गाठी आणखी आवळतात, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या कल्पनेतच येणं शक्य नव्हतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी माझी लेक विलायतेला गेली, आणि पोर माझ्या कडेवर राहिलं.

तिचा फोन आमच्या दुपारी यायचा. तिची रात्रपाळी संपलेली असायची, आमची जेवणं. पहिल्या महिन्यात ती काय काय सांगायची. तिथं म्हातारी माणसं दिवसभर खिडकीशी बसतात, कुणाकडे कुणी येत नाही, एक आजी तिला आपलीच मुलगी समजून हाक मारतात. नात फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन विचारायची, "मला कवा नेणार?" मुलगी म्हणायची, "लवकर." हा शब्द आम्ही त्या दिवसांत इतक्या वेळा वापरला की त्याचा अर्थच गेला.

आमची लोकसभा नुकतीच उरकली होती. निकालाच्या पैजा अजून चालू होत्या, आणि तेवढ्यात बातमी आली की ब्रिटनमध्येही निवडणूक जाहीर झाली. मुलीनं व्हिडिओ पाठवला. तिथले पंतप्रधान घराच्या दारात उभे राहून बोलत होते आणि वरून पाऊस पडत होता. छत्री नाही, काही नाही. कोट भिजून काळा पडला होता.

हे बघून आमच्या ह्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पावसात हुबा हाय गं."

"मग?"

"मग काय? आला म्हणायचा निवडून. साताऱ्यात काय झालं इसरलीस?"

मी विसरले नव्हते. आमच्याकडे भर पावसात झालेल्या एका भाषणानं सगळी हवा फिरली होती, ते साताऱ्याच्या पोराटोरांना पाठ आहे. तेव्हापासून ह्यांच्या लेखी पावसात उभा राहिलेला माणूस पडत नाही. पण हा माणूस निवडून आला तर नियम राहणार. म्हणजे ज्या पावसानं इथं आशा दिली होती, तोच तिथं आमच्या मुळावर येत होता. गल्लीतली माणसं वेगळीच खूश होती; पंतप्रधान मूळचे आपल्याकडचे, दिसायलाही आपल्यातले, म्हणून त्यांना वाटायचं आपलंच राज्य आलंय. हे त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत.

मग एका दुपारी मुलगी ह्यांना सहज म्हणाली, "दादा, मलापण मत आहे इथं."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "तुला? तू तर भारताची."

तिनं समजावून सांगितलं. ज्या देशांवर पूर्वी त्यांचं राज्य होतं, त्यातल्या बहुतेक देशांची माणसं रीतसर तिथं राहत असली तर त्यांना मत देता येतं. नाव नोंदवलं की झालं. तिच्या तिथल्या भाड्याच्या घरात तिच्याबरोबर आणखी तिघी राहत होत्या, एक केरळची, एक पंजाबची, एक नायजेरियाची. चौघीही केअरच्या कामातल्या, चौघींची मुलं मागे राहिलेली, आणि चौघींना मत.

मला ते ऐकून चीड आली. मत चालतं, हात चालतात, पोर तेवढं चालत नाही. पण ह्यांच्या डोळ्यांत मी कितीतरी दिवसांनी चमक बघितली. "मत हाय ना?" हे म्हणाले. "मग अडलंय कुठं?"

आमच्या गावात मत कसं देतात, हे इथं सांगायला हवं. आमच्याकडे मत एकट्याचं नसतं, भावकीचं असतं. निवडणुकीआधी सगळी भावकी देवळाच्या मंडपात बसते. कुणाला द्यायचं यावर वाद होतो, रुसवेफुगवे होतात, जुनी भांडणं निघतात, पण उठताना एकच नाव ठरलेलं असतं. मग उमेदवाराला बोलावणं जातं. तो येतो, चहा घेतो, आणि भावकीतला वडीलधारा माणूस आपलं काम सांगतो. विजेचा डीपी, शेताकडची पाणंद, पुलाचा कठडा, जे असेल ते. उमेदवार सगळ्यांसमोर शब्द देतो. अगदीच अविश्वास असेल तर देवाचा बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायला लावतात. आमच्या मळ्याकडे जाणारा रस्ता असाच झाला. ह्यांचं म्हणणं, मत टाकायचं नसतं, मत वापरायचं असतं. एकट्या मताला कुत्रं विचारत नाही. गठ्ठा दाखवला की पुढारी चपला काढून आत येतो.

तेव्हापासून ह्यांनी विलायतेची निवडणूक हातात घेतली. मुलीला रोज ऑर्डरी सुटू लागल्या. "चौघी एक ऱ्हावा. फुटू नगा. घरात कोण इचारायला आलं तर च्या द्या आन आधी काम सांगा. शब्द घेतल्याबिगार मत सांगायचं न्हाई." नायजेरियाच्या बाईला भावकी म्हणजे काय हे मुलीनं कसं समजावलं देव जाणे, पण ती म्हणे खूप हसली आणि म्हणाली, आमच्याकडेही असंच असतं.

प्रचाराचे कागद दारातून आत पडू लागले. मुलगी त्यांचे फोटो पाठवायची आणि मी स्वयंपाकघरात चष्मा लावून, शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचायची. एका पक्षाचा कागद निळा, एकाचा लाल, एकाचा आणखी कसलातरी. दवाखान्यांच्या रांगा, घरांचे भाव, शाळा, यांवर त्यांची भांडणं होती. एका गोष्टीवर मात्र जवळजवळ सगळ्यांचं एकमत दिसलं: बाहेरून येणाऱ्यांचा आकडा आम्ही कमी करू. कुणी जोरात लिहिलं होतं, कुणी मवाळ शब्दांत, पण आकडा प्रत्येकाला कमी करायचा होता. मी वाचत होते आणि तो आकडा माझ्या पायाशी फरशीवर बसून शेंगा फोडत होता. फोलपटं एका बाजूला, दाणे एका बाजूला, आणि मध्येच एक दाणा तोंडात.

मी ह्यांना सांगितलं, "अहो, सगळे तेच म्हणताहेत."

"कागदावर म्हणत्यात. कागदावरचं कुणी खरं करतं का? आपल्याकडं जाहीरनामा कुणी वाचलाय का कवा?"

जाहीरनामा मीही कधी वाचला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही दगडापेक्षा वीट मऊ वाटत होती. आहे त्या सरकारनं नियम केलाय, येणारं निदान बोलेल तरी, असं मी स्वतःला सांगत होते.

मग तो उमेदवार मुलीच्या वृद्धाश्रमात आला. विरोधी पक्षाचा, निवडून येणार असं जो तो म्हणत होता. म्हाताऱ्यांबरोबर फोटो काढले, केक कापला, एका आजोबांशी फुटबॉलवर बोलला. मुलगी ताटं उचलत होती. ह्यांचा हुकूम तिच्या डोक्यात होताच. ती ताटं खाली ठेवून समोर गेली आणि म्हणाली, आमच्या घरात चार मतं आहेत, आणि आमचं एकच काम आहे. माझी मुलगी सहा वर्षांची होईल. तिला माझ्याजवळ येऊ द्या.

तो म्हणे क्षणभर गोंधळला. मग त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तिच्या कामाचं खूप कौतुक केलं आणि म्हणाला, "मी यात नक्की लक्ष घालीन."

हे तिनं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी चौकशी सुरू केली. "दोन्ही हातांनी धरला?"

"हो दादा."

"साक्षीला कोण हुतं?"

"सगळे होते. मॅनेजर होत्या. आजी-आजोबा होते."

"सगळ्यांम्होरं म्हणला, लक्ष घालतो?"

"हो."

"झालं मग. शब्द दिला." ह्यांनी मांडीवर थाप मारली. "पोरी, काम झालं."

मला त्यातलं तिसरं वाक्य ऐकू येत नव्हतं. नक्की लक्ष घालीन, आणि पुढे? इंग्रजीत माणसं नाही म्हणायच्या आधी फार गोड बोलतात, एवढं मला पुस्तकांतून माहीत होतं. पण मी बोलले नाही. कारण त्या दिवशी मुलीच्या आवाजात, ती गेल्यापासून पहिल्यांदा, मला हलकेपणा ऐकू आला. तिनं खूप दिवसांनी विचारलं की आंब्याचं लोणचं घातलंस का. तिचा तो आवाज मोडायची हिंमत मला झाली नाही.

त्यातून पुढचा अनर्थ झाला. शाळा सुरू व्हायची वेळ आली आणि ह्यांनी नातीचं नाव पहिलीला घालू दिलं नाही. "दोन म्हैन्यांत जाणार पोरगी. नाव घालायचं, परत दाखला काढायचा, कशाला ती भानगड?" माझी जन्माची नोकरी शाळेत गेली, आणि माझीच नात पहिल्या दिवशी घरात. मुख्याध्यापिका माझ्याच हाताखाली शिकलेली. तिचे निरोपावर निरोप. मी ह्यांच्याशी भांडले, अबोला धरला. जावयांना फोन केला. ते बिचारे म्हणाले, "आई, दादा म्हणतात तसंच होऊ दे. मला तरी कुठं काय कळतंय?" हे मात्र कराडला जाऊन नातीसाठी जाड स्वेटर आणि कानटोपी घेऊन आले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मी म्हणाले, तर मलाच म्हणाले, तुझा चांगल्या गोष्टीवर इस्वासच न्हाई. पोरीनं तो स्वेटर घालून बघितला आणि काढेचना. घामाघूम होऊन ओसरीवर बसली होती, गालावर केस चिकटलेले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमी थंडीच्या गावाला जाणार हाय."

मतदानाच्या दिवशी चौघी कामावरून सुटून एकत्र गेल्या. तिथं मतदानाला सुट्टी नसते. चर्चच्या एका खोलीत केंद्र होतं, ना पोलीस, ना रांग, ना स्लिपा वाटणारी पोरं. कागदावर फुली मारायची, तीही दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं.

"पेन्सिलीनं?" हे हबकले. "आन कुणी खोडलं तर?"

"कोण खोडेल, दादा?"

"बोट दाखव बरं."

तिनं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. शाई नव्हती. तिथं लावतच नाहीत. हे बराच वेळ त्या कोऱ्या बोटाकडे बघत राहिले. मग मत दिलं हे त्याला कळायचं कसं, एवढंच पुटपुटले.

आणि तो निवडून आला. साधासुधा नाही, दणदणीत. सरकारही बदललं. पावसात उभ्या राहिलेल्यांची सत्ता गेली. तेव्हा हे म्हणाले, पाऊसबी साताऱ्याचा असावा लागतो. गुलाल, पेढे, ते सगळं त्या सकाळचं. नात माझ्या पदराला धरून विचारत होती की आज जायचं का. त्या गर्दीत मी एकटी गप्प होते असं मी म्हणणार नाही. मीही पेढा खाल्ला. मीही देवापुढे साखर ठेवली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि काडी धरलेली असते तेव्हा ती काडी आहे हे दिसत नाही.

पुढे काहीच झालं नाही. म्हणजे वाईट झालं असं नाही, काहीच झालं नाही. आम्ही रोज तिथल्या बातम्या बघायचो. नवे मंत्री आले, नवी भाषणं झाली, आणि त्यात एका मंत्र्यानं विचारल्यावर सांगून टाकलं की तो नियम आहे तसाच राहील. आकडा कमी करायचाय, ते आधीच्यांचंही म्हणणं होतं आणि नव्यांचंही. सांगलीचा एजंट आधी म्हणाला, मॅडम, नवीन सरकार हाय, दम धरा. नंतर त्याचा फोन उचलला जाईना. गरज सरो, वैद्य मरो.

मुलीनं खासदाराला लिहिलं. आठवण दिली: केक कापला त्या दिवशीची ती मीच, आमची चार मतं तुम्हालाच पडली. उत्तर आलं, हे मान्य करायला हवं. मी ते ह्यांना वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत करून. तुमच्यासारख्या लोकांच्या सेवेमुळे आमची व्यवस्था उभी आहे. लहान मुलापासून दूर राहणं किती अवघड असेल याची मला जाणीव आहे. सध्या हा नियम आहे तसाच ठेवण्याचा सरकारचा विचार आहे. तुम्ही मला लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

"म्हणजे करणार का न्हाई?" ह्यांनी विचारलं.

"नाही करणार."

"पण न्हाई असं कुठं लिवलंय?"

मी पुन्हा वाचलं. न्हाई असं खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं.

हे उठून दारात गेले. मग म्हणाले, "त्याचा बंगला कुठं हाय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडे शब्द मोडणाऱ्या पुढाऱ्याकडे जायची एक रीत आहे. सकाळी सहाला त्याच्या बंगल्यावर जायचं, पायरीवर बसायचं. तो अंघोळ करून बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. तो चिडतो, टाळतो, मागच्या दारानं निघून जातो. आपण दुसऱ्या दिवशी परत जायचं. चारचौघांत त्याला विचारायचं, शब्द दिला होतास का नाही? काम होवो न होवो, त्याला आपलं तोंड बघावं लागतं. ह्यांनी अशा कितीतरी पायऱ्या झिजवल्या होत्या. आणि आता हा माणूस विचारत होता, ती पायरी कुठं आहे. तिथं जायलाही व्हिसा लागतो, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते? मी म्हणाले, लांब आहे. हे म्हणाले, व्हय, लांबच असंल.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी अंघोळ केली, टोपी घातली आणि नातीचं बोट धरून स्वतः शाळेत गेले. मुख्याध्यापिकेनं उशीर का झाला असं विचारलं नाही. पोरगी मागच्या बाकावर बसली.

मुलीला मी एकदा स्पष्ट म्हणाले, "परत ये. सोड ते." ती म्हणाली, "आई, परत येऊन त्याच दवाखान्यात त्याच बाईची बोलणी खाऊ? मग एवढे दिवस हिला सोडून राहिले ते कशासाठी?" जेवढे दिवस गेले तेवढेच तिला परत यायला आडवे येत होते.

वर्ष गेलं. तिथलं वारं आणखी फिरलं. बाहेरून केअरसाठी माणसं आणणंच आता बंद झालं. कायमचं राहायचा परवाना मिळायला लागणारी वर्षं वाढवायची बोलणी सुरू झाली. आणि एक वेगळाच पक्ष जोरात आला, जो म्हणतो आधीचे दोघेही मवाळ होते. पुढची निवडणूक अजून लांब आहे, पण सगळे आत्तापासून तिच्याकडे बघून बोलतात, आणि जो बोलतो तो मागच्यापेक्षा कडक. मुलगी सांगत होती, परवा बसमध्ये कुणी तिला काहीतरी बोललं. काय बोललं ते तिनं सांगितलं नाही. मत मात्र अजून आहे, असं म्हणून हसली.

उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली. पंधरवडाच होता. मी तिच्या येण्याची किती स्वप्नं रंगवली होती, पण नात दारातच माझ्या मागे लपली. फोनमध्ये बघितलेली आई एवढी मोठी असते, हे ती विसरूनच गेली होती. आईनं आणलेली बाहुली घेतली, थँक्यू म्हणाली. रात्री माझ्याच कुशीत झोपली. मुलगी शेजारच्या अंथरुणावर तिच्याकडे तोंड करून पडून राहायची. हळूहळू पोरगी सैलावली. तिच्याकडून वेणी घालून घेऊ लागली, तिला बोरीखालचं मांजर दाखवायला घेऊन गेली, शाळेतल्या कविता म्हणून दाखवल्या. एक दिवस तिच्या ताटात जेवली. तोवर सुट्टी संपली.

जायच्या आदल्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "पुढच्या विलेक्शनला आधीपासून बोलणी करू. ह्या टायमाला जरा उशीर झाला."

जावयांनी ताटातला भात उगाच कालवला. मुलगी म्हणाली, "हो दादा, करू."

गाडी दारात लागली. जावई सामान चढवत होते. लेकीची ओटी भरायला मी तांदूळ आणि नारळ आणायला आत गेले. घरी आलेली कुणीही सवाष्ण परत निघाली की आमच्याकडे तिला हळदीकुंकू लावल्याशिवाय सोडत नाहीत, आणि हे काम रोज बघून बघून नातीला पाठ झालं होतं. मी बाहेर आले तर ती हातात करंडा घेऊन आईसमोर उभी होती. चेहरा अगदी गंभीर, मी पाहुण्यांसमोर करते तसा.

"बरं वाटलं तुमी आलात," ती म्हणाली. "सवड काढून परत या."

तिनं बोट कुंकवात बुडवून वर केलं. मी तिला थांबवायला हवं होतं, पण मी तांदूळ आणि नारळ धरून उंबऱ्यातच उभी राहिले. हे भिंतीकडे तोंड करून टोपी नीट करत राहिले. मुलगी एकदा माझ्याकडे बघून वाकली. तिला वाकावंच लागलं, कारण पोरीचा हात तिच्या कपाळापर्यंत पोचत नव्हता. कुंकू लावून झालं तेव्हा तिनं पदर सावरला, हात जोडून "येते हं" म्हणाली, आणि पाहुणीसारखी जाऊन गाडीत बसली.